मातृभाषेचा रकाना

जयलक्ष्मीबाईंना तमिळ येत नाही असं कुणी तिच्या राहत्या मेलकावेरीत जाऊन सांगितलं असतं, तर कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळी गल्ली पोट धरून हसली असती. अडतीस वर्षं ही बाई कुंभकोणमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आधी कानाला हेडफोन लावून ट्रंककॉल जोडायची, पुढे चौकशीच्या लाइनवर बसायची. तिचं तमिळ इतकं गोड, की हवा तो नंबर मिळाल्यावरही लोक उगाच दोन वाक्यं जास्तीची बोलून घ्यायचे. आणि हीच बाई वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कर्करोगाच्या रुग्णालयात जाऊन चार महिने तमिळ न येणारी म्हणून बसून राहिली. खोटं? हो, खोटंच. मी काही तिची वकिली करायला बसलेलो नाही. पण ते झालं कसं, एवढं ऐकून घ्या.

तंजावूरच्या राजांबरोबर खाली उतरलेल्या मराठी घरांपैकी तिचं एक घर. राजे गेले, दरबार गेला, घरं राहिली आणि घरात मराठी राहिली. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, असा सगळ्यांचा रिवाज. लिहायची वेळ आली की तीच मराठी तमिळ अक्षरांत लिहायची. जयलक्ष्मी आणि तिचे यजमान सेतुरामराव, दोघांनी चाळीस वर्षं असा संसार केला. मुलगा सुरेंद्र कोइमतूरला. त्याची बायको तमिळ, पोरं तमिळ, म्हणून तोही आईशी फोनवर तमिळच बोलायचा. रविवारी फोन यायचा, "अम्मा, जेवलीस का?" एवढं विचारून संपायचा. दोन वर्षांपूर्वी सेतुरामराव गेले आणि उंबऱ्याच्या आतली भाषा बोलायला समोर माणूसच उरलं नाही. गल्लीतली बाकीची मराठी घरं केव्हाच चेन्नईला नाहीतर बंगळुरूला निघून गेली होती. आंबट वरण करताना जयलक्ष्मीबाई स्वतःलाच विचारायच्या, "मीठ घातलंस की नाही गं?" आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "घातलं." वेड लागलं म्हणून नाही. निदान एवढं तरी कानावर पडावं म्हणून.

तर अशा बाईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, आणि एक दिवस ती हातात जाडजूड फाइल घेऊन एकटीच रुग्णालयाच्या खिडकीशी उभी राहिली. तिथं नुकतीच एक नवी योजना सुरू झाली होती. ज्या रुग्णाची जी भाषा, त्या भाषेत त्याला त्याचा आजार समजावून सांगायचा. दुभाष्या हवा असेल तर फोनवरून मिळेल, फुकट. योजना चांगली होती, उगाच नावं कशाला ठेवा. त्या भागात सौराष्ट्री बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत, बिहारहून आलेले बांधकामावरचे मजूर आहेत. त्यांना तिचा मोठा आधार झाला होता.

खिडकीतल्या मुलीनं तमिळमध्ये नाव विचारलं, वय विचारलं, आणि मान वर न करताच विचारलं, "मातृभाषा?"

"मराठी," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

मुलीनं संगणकाच्या यादीत शोधलं. मराठी होती. तिनं टिचकी मारली, तसा पुढचा रकाना आपोआप उघडला. दुभाष्या हवा? मुलीनं तिथंही हो केलं. तिला वाटलं, मातृभाषा मराठी म्हणजे हवाच असणार. खरं तर या क्षणी जयलक्ष्मीबाईंनी म्हणायला हवं होतं, की बाळ, राहू दे, मला तमिळ तुझ्याहून चांगलं येतं. त्या मूग गिळून बसल्या. त्यांचा अपराध म्हणाल तर एवढाच.

डॉक्टर वैद्यनाथ कामाचे, हुशार आणि सदा घाईतले. त्यांच्या खोलीत हरिणी नावाची नर्स होती. तिनं टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला. पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला.

"नमस्कार काकू. मी गायत्री, पुण्याहून बोलतेय. डॉक्टर काय म्हणतात ते मी तुम्हाला मराठीत सांगणार आहे. अजिबात घाबरायचं नाही, बरं का?"

ते 'बरं का' ऐकलं आणि जयलक्ष्मीबाईंच्या डोळ्यांना धारच लागली. रोगाचं नाव कळलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. हरिणीला वाटलं, बाई घाबरली. तिनं पाठीवर हात ठेवला. आता कुणाला काय सांगायचं, की दोन वर्षांनी कुणीतरी मला 'बरं का' म्हणालं.

मग सलाईनमधून केमोचं औषध सुरू झालं आणि दर तीन आठवड्यांनी हाच प्रकार. डॉक्टर हरिणीशी तमिळमध्ये बोलायचे, फोनवर इंग्रजीत बोलायचे आणि गायत्री ते मराठीत सांगायची. जयलक्ष्मीबाईंना प्रत्येक गोष्ट तीनदा ऐकू यायची आणि तिन्ही वेळा कळायची. उलट गायत्रीचीच मराठी त्यांना पहिल्या दिवशी निम्मीशिम्मी कळली. फार भरभर बोलायची पोरगी. एकदा त्यांना देवनागरीत छापलेलं माहितीपत्रकही दिलं गेलं, तुमच्या भाषेतलं म्हणून. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येईना. तरी त्यांनी ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि हरिणीकडे बघून मान डोलावली.

कामाचं बोलणं झालं की गायत्री दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची. नियमात नव्हतं ते, पण पोरगी मायाळू होती. काकू, काय खाल्लंत? मळमळतं का? त्या दोन मिनिटांसाठी जयलक्ष्मीबाई वीस दिवस सांगण्यासारखं काय काय साठवायच्या. कावेरीला पाणी सोडलं. शेजारच्या मांजरीनं माडीवर पिल्लं घातली. केस गेले, तर आता आरशात आपला थोरला भाऊच दिसतो. औषधानं तोंडाची चव गेली, फक्त दांगर पचडी तेवढी जाते, उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली. गायत्री हसायची, कृती विचारायची. सलाईनमधलं ते लाल औषध अंगात जाताना हाडं पिळवटायची. तरी पुढच्या तारखेची वाट बघणारी त्या अख्ख्या रुग्णालयात ही एकटीच असेल.

एकदा त्यांनी घरच्यासारखं "मज बरं वाटत नाही" म्हटलं. गायत्री खुदकन हसली. "काकू, किती गोड बोलता. 'मज' तर आमच्याकडे फक्त पोथीत असतं." ती प्रेमानं म्हणाली होती. पण जयलक्ष्मीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली मराठी जुनी, तमिळच्या वळणाची, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर कळणं वेगळं. त्या दिवसापासून त्यांनी गायत्रीचे शब्द उचलायला सुरुवात केली. 'मज'चं 'मला' केलं. 'नक्को'चं 'नको' केलं. 'चालेल' हा शब्द तर त्या घरी भांडी घासताना घोकायच्या. चालेल, चालेल. सदुसष्टाव्या वर्षी स्वतःचीच मातृभाषा पाठ करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

चार सलाइनी झाल्या. चौथ्या खेपेला ताप भरला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, दोन दिवस भरती व्हावं लागलं. सुरेंद्र येतो म्हणाला, मग त्याला सुट्टी मिळाली नाही. पुन्हा फोटो काढले आणि त्याचा निकाल घेऊन त्या बुधवारी जयलक्ष्मीबाई डॉक्टरांसमोर बसल्या.

डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरले आणि हरिणीला तमिळमध्ये म्हणाले, "गाठ निम्मी झाली आहे बघ. आणखी चार दिल्या आणि मग ऑपरेशन केलं तर चांगलं होईल. पूर्ण बरी होण्याचीसुद्धा आशा आहे."

जयलक्ष्मीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. गाठ निम्मी झाली. एवढे हाल केले ते कारणी लागले तर. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"पण हिचं कठीण आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. "एकटी राहते. सोबत येणारं कुणी नाही. रात्रीबेरात्री ताप चढला तर आपल्याला फोन करून सांगणार काय, हिला तमिळ येत नाही. या वयात कशाला एवढा छळ? गोळ्यांवर ठेवू. जितके दिवस जातील तितके जातील. विचारून घे तिला, हो म्हणाली की लिहून टाकतो."

हरिणी काहीतरी म्हणायला गेली, पण तिनं फोनच लावायला घेतला. नर्सनं डॉक्टरांपुढे किती बोलायचं?

फोन लागला. डॉक्टर इंग्रजीत एवढंच म्हणाले, की सलाईन थांबवून गोळ्या देता येतील, त्यांना चालेल ना विचारा. गाठ निम्मी झाल्याचं बोलले नाहीत. पूर्ण बरी होण्याचं बोलले नाहीत. गायत्रीला बिचारीला काय माहीत.

"काकू, एक चांगली बातमी," गायत्री म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता नुसत्या गोळ्या घेतल्या तरी चालेल. फार सोसलंत तुम्ही. मग आता ते सलाईन नको ना तुम्हाला?"

आणि इथं घात झाला. इतके दिवस घोकलेली सगळी नवी मराठी पळून गेली आणि पोटातून आला तो घरचा शब्द आला.

"होना," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या.

आता हे नीट ऐका. तंजावूरकडच्या आमच्या घरांत हवं असेल तर 'होना' म्हणतात. कापी, म्हणजे कॉफी, होना? होना. वरण होना? नक्को. तिच्या आजीनं होना म्हटलं, पणजीनं होना म्हटलं. मला सलाईन हवं, मला जगायचं आहे, एवढं सगळं त्या एका शब्दात तिनं सांगून टाकलं. आणि पुण्याच्या पोरीला काय ऐकू आलं? हो ना. म्हणजे, हो बाई, नकोच.

"हो ना, मला वाटलंच होतं," गायत्री म्हणाली, आणि तिनं डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, की रुग्णाचीही सलाईन थांबवायचीच इच्छा आहे.

जयलक्ष्मीबाईंनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. त्या फोनवर वाकल्या. "होना. अगं, होना म्हणते मी. सलाईन होना."

"हो ना काकू, कळलं मला. सांगितलंय मी त्यांना. रडू नका बरं, आता मस्त आराम करायचा. माझी दुसरी लाइन थांबलीय, ठेवू ना?"

टक् करून आवाज झाला आणि लाइन गेली. दुसरा कुठला शब्द वापरायचा? 'हवं' होता, 'पाहिजे' होता, गायत्री स्वतः दहा वेळा बोलली होती. पण लाइन गेल्यावर आठवून काय उपयोग? तो शब्द बोलायचा कुणाशी? हरिणीनं फोन उचलून खिशात ठेवला. डॉक्टर फाइलमध्ये लिहायला लागले.

खोलीत आता फक्त तमिळ उरलं होतं.

खरं सांगायचं तर जयलक्ष्मीबाई लगेच बोलल्या नाहीत. त्यांनी हिशेब केला, आणि तो हिशेब सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. गप्प बसलं तर गोळ्या मिळतील, दर महिन्याला तपासणीला बोलावतील, टेबलावर फोन ठेवतील. काकू, काय खाल्लंत? जितके दिवस जातील तितके दिवस ही पोरगी आपल्याशी बोलेल. आणि तोंड उघडलं तर जगणं मिळेल कदाचित, पण त्या जगण्यात आपल्या भाषेत एक शब्द बोलणारं कुणी नसेल. रिकामं घर आणि स्वतःलाच विचारायचं, मीठ घातलंस का. असलं जगून करायचं काय?

डॉक्टरांनी एक ओळ पुरी केली, दुसरी सुरू केली.

पण जगायचं होतं हो तिला. कशासाठी, कुणासाठी, हे विचारायचा हक्क तुम्हाला नाही आणि मलाही नाही. घरी चार माणसं असलेल्या बाईला हे कुणी विचारत नाही, तर एकटीलाच का विचारायचं?

"वेणुम्," ती म्हणाली. तमिळमध्ये, हवं.

डॉक्टरांचा हात थांबला.

"मला उरलेल्या चारही सलाइनी हव्या आहेत, डॉक्टर," ती त्या जुन्या, स्वच्छ, एक्स्चेंजच्या तमिळमध्ये बोलू लागली. "गाठ निम्मी झाली आहे, ते मी ऐकलं. पूर्ण बरी होण्याची आशा आहे, तेही ऐकलं. ताप चढला तर मी फोन करीन. फोनवर कसं बोलायचं ते मला चांगलं कळतं, अडतीस वर्षं तेच केलं आहे. सोबतीला कुणी नाही, हे खरं. पण ते माझ्या आजाराचं कारण नाही, म्हणून ते माझ्या औषधाचंही कारण होऊ देऊ नका."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर चिडला असता. "मी मघाशी जे बोललो, अम्मा..."

"ऐकलं मी."

"इतके दिवस तुम्ही गप्प का बसलात?"

याचं उत्तर जयलक्ष्मीबाईंकडे होतं, पण ते तमिळमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन्ही ओळी खोडल्या आणि खाली पाचव्या सलाईनची तारीख घातली. एकटं येणाऱ्या रुग्णांना घरून आणायला गाडी आहे, त्या यादीतही तिचं नाव घाला, असं हरिणीला सांगितलं. ती यादी आधीपासून होती. मराठी बाईचं नाव तिच्यात घालायचं कुणाला सुचलं नव्हतं, इतकंच.

पाचव्या सलाईनच्या दिवशी गाडी बरोबर आठला दारात आली. हरिणीनं उशी दिली, शीर हलक्या हातानं शोधली, आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल गप्पा मारल्या. सगळं तमिळमध्ये, सगळं मायेनं. टेबलावर फोन नव्हता. जयलक्ष्मीबाईंनी बराच वेळ धीर धरला आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या पुण्याच्या मुलीला एकदा फोन लावता येईल का?"

"नंबर आम्हालाही दिसत नाही, अम्मा. संगणकच जोडून देतो. आता तुमच्या नावापुढे तमिळ झालंय, त्यामुळे तो जोडणारच नाही," हरिणी म्हणाली. मग तिनं एक कागद काढला. "तिच्याबद्दलच विचारायचं होतं. त्या दिवशी भाषांतर चुकलं, तुमचा उपचार थांबणार होता, म्हणून वरून चौकशी आली आहे. तिची चूक ठरली तर तिला कामावरून काढतील. त्या दिवशी जाताना तुम्ही मला म्हणालात, होना म्हणजे हवं. त्यांनी पुण्याला विचारलं, तर तिकडचे म्हणतात, हो ना म्हणजे होय. मी काय लिहू? मराठीत होनाचा अर्थ काय?"

जयलक्ष्मीबाईंना यजमान आठवले. सेतुरामराव शेवटच्या दिवशी दुसरं काही बोलले नव्हते. दुपारी डोळे उघडून म्हणाले होते, पाणी होना. जयलक्ष्मीबाईंनी चमच्यानं पाणी पाजलं होतं. त्या घरात त्यानंतर दुसरं माणूस बोललंच नव्हतं.

मराठीत होना म्हणजे हवं. आमच्या मराठीत. एवढंच सांगायचं होतं, आणि ते खरं होतं. मग तिकडे पुण्यात त्या पोरीला कुणीतरी बोलावून घेतलं असतं.

"मराठीत असा शब्द नाही," जयलक्ष्मीबाई तमिळमध्ये म्हणाल्या. "तिनं बरोबरच ऐकलं. आजारपणात माझ्याच तोंडून काहीतरी भलतं निघालं."

"नक्की ना, अम्मा?"

"नक्की."

हरिणीनं रकान्यात तसं लिहिलं, खाली बोट ठेवलं, आणि जयलक्ष्मीबाईंनी मोकळ्या हातानं सही केली.